चोथा नको, म्हणजे रस चालतो

२ मार्च
डिंकाच्या लाडवांचा खरा खर्च : गावरान तूप, बदाम, खारीक, डिंक आणि बायकोचा अबोला. (म्हणे, डॉक्टरला न विचारता कशाला केलं?) लेकीने खाल्ला अर्धा. बाकीचे मी संपवतोय. अन्न वाया घालवायचं नाही, हे आपलं तत्त्व.

क्रांती सातव्या महिन्यात माहेरी आली. तिला आतड्याची जुनी सूज. इंग्रजी नाव हातभर. जावई जिनेंद्र, सांगलीचे जैन, बेदाण्याचे व्यापारी. त्यांच्यात कांदा नाही, लसूण नाही, बटाटा नाही, दिवस मावळायच्या आत जेवण. असल्या मिळमिळीत घरात पोरीच्या अंगाला काय लागणार? पहिलं बाळंतपण माहेरी, साताऱ्यातच. जावयाला ठणकावून सांगितलंय.

५ मार्च
दवाखाना. आहारवाल्या मॅडम, वय माझ्या धंद्याच्या निम्मं. म्हणाल्या, सध्या सूज उसळलीय, तोवर चोथा कमी. साल, बिया काढून मऊ शिजवलेलं द्या, कच्चं काही नको. गोळ्या मनाने बंद करू नका. बाळाला गोळीपेक्षा हे दुखणंच जास्त बाधतं.

हसू आवरलं. चोथा मला शिकवतात! हातगाड्यावरून सुरुवात करून स्टँडजवळ तीन रसवंत्या उभ्या केल्या मी. चोथा मशीनमागं पडतो, रस ग्लासात उतरतो. चोथा नको, म्हणजे रस चालतो. साधा हिशोब. कॉलेजात शिकवत नाहीत.

६ मार्च, सकाळ
रस आणला. आलं, लिंबू, बर्फ. क्रांती म्हणाली, नको आप्पा. म्हटलं, बापाच्या हातचा हाय, घे गं. घेतला.

दुपार
पोरगी संडासातून बाहेर येईना. पोट साफ होतंय. गुण येतोय.

संध्याकाळ
बायको म्हणाली, आवं, रक्त जातंय पोरीचं, गाडी काढा. बायका लय घाबरट. गाडी काढली. किल्ली दोनदा पडली. किल्लीची कडीच ढिली आहे.

७ मार्च
क्रांतीला सलाईन. बाळ ठीक. मॅडमनी विचारलं, काय दिलं होतं? म्हटलं, रस, बिनचोथ्याचा. त्यांनी लिहून घेतलं. माझे कान तिखट, बाहेर पडताना ऐकलं, नर्सला म्हणाल्या, "रसवंतीवाले वडील." धंद्याचं नाव झालंय दवाखान्यात.

९ मार्च
सांगलीहून विहीणबाई चंदनबाला आल्या. डब्यात मुगाच्या डाळीचा मऊ भात, सोललेला दुधी. बघूनच माझी भूक मेली. क्रांतीने वाटी पुसून खाल्ली, वर आणखी मागितली. सासूचं मन राखलं; संस्कार आपले. मॅडम म्हणाल्या, अस्संच द्या. विहीणबाई म्हणाल्या, "आमच्यात रोज हेच, त्यात कौतुक काय?" मीही तेच म्हणतो.

१३ मार्च
रक्त थांबलं. सलाईनमुळे. भाताचा काही संबंध नाही.

डिस्चार्ज. क्रांती म्हणाली, "आप्पा, रागावू नका. तुमी लय करता." बघा, लेकीला कदर आहे. मग म्हणाली, "म्हणून मी सांगलीलाच राहते."

जिनेंद्रनी गाडी लावली. लाडवांचा डबा मी आत ठेवला, विहीणबाईंनी हसत बाहेर ठेवला. बायकोने माळ्यावरचा पाळणा उतरवून गाडीच्या टपावर बांधून दिला.

पहिलं बाळंतपण सांगलीत होणार.