करप्याआधीची फवारणी

३ खुरदाद (मे अखेर), सकाळ.
इराणच्या रश्त शहरातल्या भात संशोधन केंद्रातून औषधाची बाटली आली. मातीतले जिवाणू जे द्रव्य सोडतात ते म्हणे भातावरचा करपा रोग रोखतं. केंद्राच्या इंजिनिअरबाईंनी पुन्हा पुन्हा बजावलं, पानावर ठिपका यायच्या आत फवारा, तेही ऊन उतरल्यावर. मला शिकवतायत! उद्या फवारणार.

९ खुरदाद.
कंबर धरलीय. बाटली कपाटातच. उद्या नक्की.

१४ खुरदाद.
सासूबाई तावूसखानम आल्या. त्यांचं शेत आमच्या बांधाला लागून. म्हणाल्या, "जावईबापू, तुमच्या कपाटाला करपा होत नाही हो. अर्धी बाटली मला द्या." दिली. रोग नसताना औषध मारणाऱ्या बाईशी काय बोलायचं!

२२ खुरदाद.
धुकं. पाऊस. पुन्हा धुकं. बायको, गुलनसा, रोज बांधावर जाऊन पानं उलटून बघते. माझं धोरण पक्कं आहे. शत्रू दिसल्याशिवाय गोळी झाडायची नाही. सायन्स आहे हे.

१ तीर.
शत्रू दिसला. पानांवर डोळ्यांसारखे करडे ठिपके. गुलनसा म्हणाली, "आता तरी उठा." उठलो. संध्याकाळपर्यंत दम निघेना. भर उन्हात उरलेली सगळी बाटली फवारली. उन्हानं द्रव्य नासतं, असं बाई म्हणाल्या होत्या खऱ्या. पण पाणी निम्मंच घातलं, म्हणजे डोस डबल. निम्मा तर उरलाच असेल.

४ तीर.
ठिपके थांबलेत. बहुतेक. चष्मा घरी राहिला होता.

११ तीर.
लोंब्या बाहेर पडतायत. करपा लोंबीच्या मानेवर चढला तर दाणा भरत नाही. सनोबरच्या लग्नाचा तांदूळ याच शेतातून निघायचाय. पोरगी विचारते, "बाबा, होईल ना?" म्हटलं, "होणार!" आवाज खणखणीत लागला.

१९ तीर.
माना काळ्या पडल्या. लोंबी हातात घेतली तर पिसासारखी हलकी. गुलनसा बांधावरच बसली. मी म्हटलं, यंदा हवाच वाईट. ती म्हणाली, "आईच्या शेतावर काय वेगळी हवा होती?" मी तिकडे पाहायचं टाळलं. तरी दिसलंच. लोंब्या भारानं वाकलेल्या.

१७ मुरदाद (ऑगस्ट).
सासूबाईंची कापणी. लग्नाचा तांदूळ त्याच देणार. मागावाही लागला नाही. मी पोती वाहिली. टोमणा येणार म्हणून उत्तर तयार ठेवलं होतं. सासूबाई पाण्याचा तांब्या घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "दमलात. बसा जरा."
एवढंच.
टोमणा परवडला असता.