दहा कोन आणि एक कोठी

१३ मार्च १९७८, सोमवार, दुपारी ३-१०. कॉलेजच्या लॅबमध्ये पत्र्याचं झाकण तिरकं करत होतो. सरांचा प्रोग्रॅम ज्वारीचा एकेक दाणा वर्तुळ धरतो आणि कोठीच्या भिंतीवर किती दाब येतो ते काढतो. त्यासाठी दाणे पत्र्यावरून किती अंशांत घसरतात, ते दहादा मोजायचं होतं. एकदा मोजलं: २८. बाकीचे नऊ आसपासचे लिहिले. अक्षर सुरेख आलं. उद्या खरे मोजून बदलीन.

१४ मार्च. मोजले नाहीत. खाडाखोड झाली असती.

३१ मार्च. मुंबईच्या कॉम्प्युटरचे कागद आले. सर म्हणाले, दाब फारच कमी दिसतो, पत्रा गंजका नव्हता ना? गंजावर दाणे अडतात, मग दाब कमी निघतो. नाही म्हणालो. झाकण अगदी थोडंच गंजलं होतं.

९ एप्रिल, रविवार. साताऱ्याजवळ नानासोमामांच्या गावी. पत्रेकाम करणारे चांदचाचा त्यांना ज्वारीची कोठी करून देताहेत. चाचा म्हणाले, "आवं नानासो, जाड पत्रा घ्या. ज्वारी ढकलती." मी कॉम्प्युटरचं सांगितलं, पातळ चालेल. मामा म्हणाले, "भाचा मिशनीला इचारून आलाय!" चाचा म्हणाले, "मिशनीनं कवा ज्वारी भरलीया?" पातळ पत्रा ठरला. येताना बांधून दिलेली भजी एसटीत शेजाऱ्याला दिली. मामींची भजी तेलकट होती.

२५ एप्रिल. मामांचं कार्ड. कोठी सांध्यातून फाटली. ज्वारी अंगणभर, गावच्या कोंबड्या जेवल्या. चांदचाचांचा सांधाच कच्चा, म्हणून साठ रुपये मजुरी दिली नाही. शेवटी: 'तुझे गणित बरोबरच होते.' वाचून दोनदा पाणी प्यालो.

३० एप्रिल, रविवार. कबूल करायचंच ठरवून गेलो. वेशीवर चाचा भेटले. म्हणाले, "पैशाचं ऱ्हाऊ दे गड्या. पर लोक ह्या चांदसाहेबाचा सांधा कच्चा म्हणत्यात. दोन गावांतनं काम गेलं. मामाला तू सांग, तुझं ऐकत्यात." सांगतो म्हणालो. जेवताना मामांना म्हणालो, सांधा तसा बरा होता. मामा म्हणाले, "तू लय मऊ हायस रं," आणि आणखी एक भाकरी वाढायला लावली. पुढचं तोंडात घास असल्यामुळे राहिलं.

२ मे, मंगळवार. चाचांना साठ रुपयांची मनीऑर्डर केली. पाठवणाऱ्याच्या जागी मामांचं नाव-पत्ता घातला. चाचांचा मान राहिला, मामांचाही राहिला. सर्वांना न्याय मिळाला.
खर्च: एसटी १५-२०, मनीऑर्डर कमिशनसह ६१-२०.
देणे: खानावळ ३८. चाचांचं काही नाही.
मनीऑर्डरची पोच पाठवणाऱ्याच्या पत्त्यावर जाते, हे आत्ता लक्षात आलं.