हरायला लागले की तुटणारी जोडणी

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी,
ऑनलाइन कॅरम विभाग,
मोबाइल खेळ कंपनीचे मुख्य कार्यालय.

अर्जदार : गणवेश शिवणारी, शिवणकामाचे दुकान, तळमजला. (खेळातील नाव : पक्की टीप)

विषय : 'कातरी' या खेळाडूस डाव पुरता संपेपर्यंत खेळातून सुटू न देणेबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराची मागील तक्रार.
२) त्यावर आपल्याकडून आलेले 'जोडणी तुटण्याची सर्वसाधारण कारणे' हे उत्तर.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून सादर करण्यात येते की, सदर अर्जदार ही गेली बत्तीस वर्षे शाळांचे गणवेश शिवत असून गेले पाच महिने दुपारी तीन ते चार, मशीनची मोटर थंड होईपर्यंत, आपल्या कंपनीचे कॅरम खेळते. अर्जदार कोणाच्या अध्यात ना मध्यात. परंतु अंगावर आलेल्याला शिंगावर घेणे तिला येते, हे आपण अर्ज संपेपर्यंत जाणालच.

१. 'कातरी' हा खेळाडू रोज तीनच्या ठोक्याला हजर होऊन अर्जदाराकडे डाव मागतो. तो चांगला खेळतो, हे नाकारून अर्जदारास खोटेपणा करायचा नाही. मात्र अर्जदाराने राणी घेतली, तिला कव्हर दिले आणि एखाददुसरी सोंगटी उरली, की नेमकी त्याची जोडणी तुटते. पडद्यावर 'समोरच्या खेळाडूचा संपर्क तुटला आहे' अशी पाटी येते, अर्ध्या मिनिटाने डाव रद्द होतो आणि हातातोंडाशी आलेला विजय मातीत जातो. असे अकरा वेळा घडले आहे. वर दहा मिनिटांनी हा गृहस्थ काही झालेच नाही अशा थाटात परत डाव मागतो. निर्लज्जपणाला काही सीमा असावी.

२. सदर 'कातरी' हा अर्जदाराचा सख्खा धाकटा भाऊ आहे. आपल्या नोंदीत त्याचे खरे नाव नसले तरी अर्जदारास पुराव्याची गरज नाही. आपल्या खेळात समोरच्याची नेमाची रेघ दिसते. ही रेघ दर खेपेस दोनदा जागेवर येते, मागे सरते आणि तिसऱ्यांदा आली की मगच स्ट्रायकर सुटतो. अर्जदाराचा भाऊ याच दुकानात कटिंगला बसत असे. कापडावर खडूची रेघ तो दोनदा फिरवायचा आणि तिसऱ्या खेपेला कातर घालायचा. हे त्याला अर्जदारानेच शिकवले आहे. जगात ही खोड फक्त दोघांना आहे, आणि दुसरी व्यक्ती हा अर्ज लिहीत आहे.

३. नऊ वर्षांपूर्वी दुकानाच्या मागच्या खोलीत बहीणभाऊ कॅरम खेळत असता, त्याने रेडीमेड कपड्यांच्या कारखान्यात नोकरीला जायचे की नाही यावरून शब्दाला शब्द वाढला. अर्जदाराची एक सोंगटी उरली होती, त्याच्या पाच. तो उठला, "ताई, येतो," म्हणाला आणि गेला तो गेलाच. आईच्या आजारपणात आला, तेव्हा आईशी बोलला, अर्जदाराशी नाही. अर्जदारही बोलली नाही. तिने का बोलावे? डाव टाकून कोण गेले होते? त्या दिवशी अर्जदाराने बोर्डावर खाकी कागद पसरून प्रत्येक सोंगटीभोवती खडू फिरवला आणि त्या अर्ध्या डावाचा, शर्टाचा काढतात तसा, पॅटर्न काढून ठेवला. तो आजही शर्टांच्या पॅटर्नसोबत खिळ्याला टांगलेला आहे. गिऱ्हाइके विचारतात, हे कसले माप? अर्जदार सांगते, एका माणसाचे.

४. आता नऊ वर्षांनी तोच इसम तोच प्रकार करीत आहे. त्याला पहिल्याच डावात ओळखल्यापासून, विजय समोर दिसला की अर्जदार दुकानातल्या बटणांच्या फोनवरून त्याच्या जुन्या नंबरला दोन रिंगा देते आणि कापते. तो नंबर आता कोणाकडे आहे कोण जाणे, पण मनाला बरे वाटते. बोलण्याचा प्रश्नच नाही. पहिला शब्द अर्जदार काढणार नाही. मात्र नंबर त्याच्याकडेच असेल तर ताईने ओळखले आहे आणि ताई जिंकते आहे, एवढे त्याला कळावे आणि त्याच्या नाकाला मिरच्या झोंबाव्यात.

५. आपण कळवलेली कारणे अर्जदाराने एकेक करून उसवून पाहिली.

नेटवर्क कमी असणे : मग राणी जाईपर्यंत ते भरपूर कसे असते?

वीज जाणे : अर्जदाराने त्याच्या कारखान्याच्या गावच्या वीज कार्यालयात चार वेळा फोन करून दुपारी पावणेचारला वीज गेली होती का, याची चौकशी केली. गेली नव्हती. चौथ्या वेळी तेथील साहेबांनी "बाई, तुम्ही राहता कुठे?" असे विचारले. अर्जदाराने फोन ठेवला.

फोन तापणे : अर्जदाराने स्वतःचा फोन अर्धा तास तापलेल्या इस्त्रीशेजारी ठेवून खेळ चालू ठेवला. फोनचे मागचे झाकण वाकले, जोडणी तुटली नाही.

सर्व्हरवर ताण येणे : ताण दोघांनाही यायला हवा. अर्जदार तर तिथेच बसलेली असते.

एकच खाते दोन ठिकाणी उघडणे : त्याला एक खाते सांभाळता येत नाही.

जुन्या फोनवर खेळ चालू असताना कॉल आल्यास इंटरनेट थांबणे : त्याला कॉल करणार कोण? सख्ख्या बहिणीशी ज्याने नऊ वर्षे अबोला धरला, त्याला दुपारचा फोन करणारे जगात कोणी असेल असे अर्जदारास वाटत नाही.

सबब सातवे कारण आपल्या यादीत वाढवावे : खेळाडू मुळातच पळपुटा असणे.

६. आपण उत्तरात लिहिले आहे की 'कातरी'ने मागील महिन्याच्या नऊ तारखेला अर्जदाराविरुद्धचा डाव शेवटपर्यंत खेळून हार पत्करली होती. ही गोष्ट खरी आहे. त्या दिवशी त्याला बहुधा डुलकी लागली असावी. शिवाय हरल्यावर त्याने 'छान खेळलात' हा तयार संदेश पाठवला. अहो-जाहो करून! हा उघड टोमणा होता आणि अर्जदार तो विसरलेली नाही.

७. आपण त्याच्या नावापुढे पळपुट्यांची लाल खूण लावली, याबद्दल अर्जदार आभारी आहे. परंतु आणखी एकदा जोडणी तुटल्यास त्याचे खाते कायमचे बंद होईल असे आपण कळवता, यास अर्जदाराची सक्त हरकत आहे. ही शिक्षा नसून सुटका आहे. बंद केलेत तर तो आणखी एक डाव अर्धा टाकून गेला एवढेच होईल, आणि त्याला शोधायला अर्जदाराकडे दुसरी जागा नाही. त्याऐवजी त्याची जोडणी कोणत्याही कारणाने तुटणार नाही अशी तजवीज करावी. वीज जावो, फोन फुटो, त्याला बसवून ठेवावे. शेवटची सोंगटी भोकात जाताना त्याने पाहिली पाहिजे, आणि हरल्याची पाटी दुसऱ्या दिवशी तीन वाजेपर्यंत त्याच्या पडद्यावरून हलता कामा नये.

काजबटण करणाऱ्या बाई अर्जदारास म्हणतात, "ताई, भांडायचं तर तोंडानं भांडा की. अंगठ्यानं कसलं भांडताय?" त्यांना यातले कळत नाही. तरीही साक्षीदार म्हणून त्यांचे टिपण सोबत जोडले आहे.

तरी अर्जाचा विचार कठोरपणे व्हावा, ही विनंती.

आपली नम्र,
पक्की टीप
सोमवार

सोबत : १) अर्ध्या डावाचा खाकी पॅटर्न (पाहून परत करावा).
२) वाकलेले झाकण.
३) काजबटणवाल्या बाईंचे टिपण : डाव तुटल्याच्या वेळा व दिलेल्या रिंगांच्या वेळा.

ताजा कलम :

अर्ज पाकिटात घालण्यापूर्वी सोबतच्या टिपणाची स्वच्छ प्रत काढताना अर्जदाराच्या असे निदर्शनास आले की, दोन्ही रकाने सारखेच आहेत. रिंग तीन एकेचाळीस, डाव तुटला तीन एकेचाळीस. रिंग तीन अडतीस, डाव तुटला तीन अडतीस. असे अकराच्या अकरा वेळा. डाव न तुटलेल्या त्या नऊ तारखेसमोर रिंगेचाही रकाना कोरा आहे. अर्जदाराने बाईंना विचारले. त्या म्हणाल्या, "त्या दिवशी मी दवाखान्यात गेले होते ना, तुमचा बटणांचा फोन घेऊन."



म्हणजे नंबर त्याचाच आहे. नऊ वर्षांत त्याने तो बदललेला नाही. आणि प्रत्येक वेळी ताईच्या दोन रिंगांनी डाव मोडूनही तो दहा मिनिटांत परत येऊन डाव मागत राहिला. पळून कोणीच गेले नव्हते. अर्जदारानेच त्याला अकरा वेळा हाकलले, आणि वर आपल्याकडून शिक्काही मारून घेतला. कॉल आल्यास इंटरनेट थांबण्याचे आपले सहावे कारण बरोबर होते, हे लिहिताना अर्जदाराच्या जिवावर येत आहे.

पाने पुन्हा लिहिण्याइतका खाकी कागद शिल्लक नसल्याने वरील मजकूर तसाच ठेवला आहे. त्यातील विनंती मात्र रद्द समजावी. 'कातरी'च्या नावापुढील लाल खूण काढावी. ती अर्जदाराची आहे. तिच्या नावापुढे लावावी, परंतु उद्याचा डाव झाल्यावर.

उद्या तीन वाजता बटणांचा फोन काजबटणवाल्या बाईंच्या पिशवीत राहील आणि पिशवी त्यांच्या घरी. अर्जदार आपल्या भावास शेवटच्या सोंगटीपर्यंत हरवील. त्यात दयामाया होणार नाही. हरल्याची पाटी तो नीट वाचेपर्यंत थांबून मग ती त्याला फोन करील, आणि या खेपेस दोन रिंगांवर कापणार नाही.

तीच,
गुरुवार