लांडगोबाचे केस

बाबा,

लांडगोबाला घेऊन प्राण्यांच्या डॉक्टरांकडे चाललेय. आईला फोन केलाय. तुम्हाला विचारलं नाही, कारण त्याचे केस भादरताना तुम्हीही मला विचारलं नव्हतंत.

म्हणे, "उकाड्यात बिचाऱ्याला गार वाटेल!" अहो, हस्की जातीच्या कुत्र्याच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. तेच त्याला थंडीत सांभाळतात आणि उन्हातही. आता त्याची पाठ उन्हाने लालबुंद झालीय. केस पूर्वीसारखे येतीलच असं नाही, असं डॉक्टर फोनवर म्हणाले.

आणि उकाड्याचं नाव पुढे करू नका. काल आत्याला फोनवर सांगत होतात, "सोफा झटकून वैतागलो, एकदाचं सफाचट करून टाकलं." मी जिन्यातच होते.

त्याला रोज विंचरायचं काम माझं. परीक्षेमुळे दोन आठवडे राहिलं, कबूल. मग मला ओरडायचंत ना! मी काय पळून जाणार होते?

संध्याकाळी आम्ही आलो की दार आईला उघडू द्या. तुम्ही उघडलंत तर तो नेहमीसारखा आनंदाने तुमच्या अंगावर उड्या मारेल, आणि मला ते बघवणार नाही.