पंख्याची तार

यमुना पोरी,

तुला रनाळ्याला सासरी सोडायचं म्हणून मोटार काढली, पेट्रोल मिळेना म्हणून कोळशाच्या गॅसवर चालवतो ती, तर कोळशाला वारा घालणारा पंखाच फिरेना. बॅटरी बघितली, पाती पुसली, दोनदा सगळं खोललं, डोकं चालेना. मग त्याची तार हाती आली. उंदराने कुरतडलेली नाही, कात्रीने सरळ कापलेली. घरात विचारलं, तर तुझी आई "माले काय मालूम?" म्हणाली आणि रडायलाच लागली. सकाळी चहा देताना तुझ्या बांगड्यांना काजळी होती.

पंख्याचं कळलं पोरी, तुझं काही कळत नाही. विचारायचा धीरही होईना.

तार जोडलेली नाही. मी पायीच रनाळ्याला निघालो, मोटार बिघडली म्हणून सांगतो. दुरुस्तीला किती दिवस लागतील ते तू ठरव.

नाना