ज्युरीचा भत्ता आणि गुड फ्रायडेचे झिंगे

ती. ओवीदमामांना,

ओडेलाचा नमस्कार. तुमचा गुडघा आता बरा असेल, निदान बोटीत चढण्यापुरता तरी. मामींनी यंदा ईस्टरआधीच्या उपवासाच्या चाळीस दिवसांत कॉफी सोडली असं कळलं. तुमचे काय हाल होत असतील या कल्पनेनेच मी चर्चमध्ये तुमच्या नावाची मेणबत्ती लावून आले. तुम्ही फोन उचलत नाही (तो बदकांच्या खुराड्यात ठेवल्यावर कोण उचलणार), म्हणून हे पत्र शेजारच्या क्लोविसच्या हाती आज संध्याकाळीच पाठवते आहे.

सोमवारपासून मी ज्युरीत आहे. न्यायाधीशबाईंनी बजावलंय की खटल्याबद्दल बाहेर कुणाजवळ एक अक्षर काढायचं नाही. तेव्हा खटल्याचं काही सांगत नाही, फक्त माझं सांगते. निवड करताना बाईंनी विचारलं की ज्यांची पैशाची ओढाताण होईल त्यांनी हात वर करावा. आता त्या हॉलमध्ये निम्मी माणसं माझ्या झिंग्यांच्या टपरीची गिऱ्हाईकं. त्यांना मी वर्षभर सांगत आले की धंदा झकास चाललाय. त्यांच्यासमोर हात कसा वर करायचा? पहिला हात वर केला तो वाल्सँबाईंनी (रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नजर पोचेल तिथवर ज्यांची भातशेती आहे, त्याच). त्यांचा हिशेबनीस आजारी आहे म्हणे. त्यांना लगेच सुट्टी मिळाली. मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसून राहिले आणि निवडली गेले.

भत्ता मिळतो, नाही असं नाही. त्यात अर्धं पोतं झिंगेही येत नाहीत, आणि गाडी लावायचे पैसे व एक सँडविच यांत तो संपतो. आमच्यातले बँकेवाले द्युगासाहेब मात्र मजेत आहेत. त्यांचा पगार चालू आहे. रोज सकाळी ते आम्हाला नागरिकाच्या कर्तव्यावर चार शब्द ऐकवतात (माझाही पगार चालू असता तर मीही ऐकवले असते). त्यांना मी माझी अडचण सांगितली, तर म्हणाले की शुक्रवारी कोर्टाला सुट्टीच आहे, मग तुमचं नुकसान कुठे? हा गृहस्थ दर शुक्रवारी माझ्या टपरीवर उभा राहून बोटं चाटत झिंगे खातो, आणि त्याला वाटतं की ते हंड्यात आपोआप उगवतात. पोती गुरुवारी पहाटे तळ्यावर उभं राहून घ्यावी लागतात आणि दिवसभर धुवावी लागतात, हे त्याला कोण सांगणार? सगळं गाव मांस सोडून झिंग्यांवर येतं तो हा एकच शुक्रवार, गुड फ्रायडे. त्यावर माझ्या टपरीचं उन्हाळ्याचं भाडं निघतं. नाही निघालं तर टपरी गेली. जागेच्या मालकाने ती एका बर्फाचे गोळे विकणाऱ्याला आधीच दाखवून ठेवली आहे. खाली वाकून चूलसुद्धा बघत होता मेला.

आज बुधवारी दुपारपासून संध्याकाळपर्यंत आम्ही सहा जण निकाल ठरवायला एका खोलीत बंद होतो. (समजा, एखादा माणूस कुणाच्या तळ्यावर राबला. मालकाने सगळ्या हंगामाचा पगार थकवला. शेवटी त्याने आपणच पकडलेली काही पोती भरदिवसा, मालकाच्या तोंडावर सांगून, गाडीत घातली आणि निघून गेला. ही चोरी का? मी फक्त समजा म्हणते आहे.) दोषी म्हणून पाच हात वर झाले. सहाही जणांचं एकमत झाल्याशिवाय आमची सुटका नाही. सहावा हात कुणाचा राहिला ते विचारू नका, भाची तुमचीच आहे. पाचही जण मग माझ्याकडे असे बघू लागले जणू मीच त्यांची पोती नेली.

द्युगासाहेब समजुतीच्या सुरात म्हणाले, "ओडेलाबाई, तुमचाच धंदा बुडतोय. हात वर करा नि मोकळ्या व्हा."

मी म्हटलं, "सोमवारी स्वतःसाठी वर केला नाही साहेब. आज दुसऱ्याला अडकवायला कसा करू?"

बोलून गेले खरी, पण मामा, भाड्याचा हिशेब डोक्यातून जाईना. मला त्या टपरीशिवाय दुसरं काही येत नाही. एक मात्र झालं. शाळेची बस चालवणाऱ्या रोझेल्माबाईंनी पुढच्या वेळी हात अर्ध्यावरच थांबवला (त्यांचाही पगार या आठवड्यात कापला जातोय, तरी). उद्या सकाळी आम्ही परत त्याच खोलीत बसणार. किती वेळ लागेल, देवाला माहीत.

बाकी सगळं ठीक. मामींना सांगा, रविवारपर्यंत तग धरा, मग मीच कॉफी घेऊन येते.

तुमची,
ओडेला

ता. क. — खरं म्हणजे पत्र एवढ्यासाठीच की उद्या उजाडायच्या आत तुमचा ट्रक घेऊन लाझारच्या तळ्यावर जा (हे तळं वेगळं, मालकही वेगळा) आणि माझी पोती उचलून टपरीवर धुवायला घ्या. माझी चूल जुळवून ठेवलेली आहे. पोत्यांचे पैसे तूर्त तुम्हीच द्या. भत्ता हातात आला की फेडीन, म्हणजे वेळ लागेल.

ता. क. दुसरा — पोती चढवायला जो माणूस येईल त्याची मजुरी तिथल्या तिथे त्याच्या हातात ठेवा. मालकाकडे देऊ नका. खटल्याशी याचा काहीही संबंध नाही.