आठव्या डावात उठू नये

प्रिय बर्नी,

रविवारी मी तुझा फोन घाईने ठेवला, त्याचे कारण कचेरीतील काम नव्हते. रविवारी कसली कचेरी? तू ज्या गोष्टीला माझी संमती मागत होतीस, तिला मला होकार देववेना आणि नकाराचे कारण फोनवर सांगवेना. म्हणून लिहीत आहे.

इकडे नदीचे पाणी उतरले आहे, बाजारात गोड मका आला आहे. डॅडची वसंतातील शस्त्रक्रियेची जखम भरली. लघवीची घाई मात्र तशीच आहे. लागली की त्यांना थांबता येत नाही. "बेसबॉलच्या मॅचला नेशील तेव्हा कडेच्या खुर्च्या घे, लेनी," असे तू बजावले होतेस. मी घेतल्या त्या रांगेच्या मधोमध, फलंदाजाच्या थेट पाठीमागे, कारण तिथून चेंडूचे वळण स्वच्छ दिसते. हे मी तुला सांगितले नव्हते.

तुला आठवते का, आपल्या लहानपणी मॉम एकदा सातव्या डावात मोठ्याने म्हणाली होती, "अरे, समोरच्यांना अजून एकही हिट नाही मिळाली की!" आणि पुढचाच चेंडू भिंतीपलीकडे गेला. अंकल वॉल्टने थँक्सगिव्हिंगच्या जेवणातही तिच्या हातचे बटाटे घेतले नाहीत. "मी फेकला होता का चेंडू?" म्हणून ती किती चिडली होती! त्या दिवसापासून डॅडनी आपल्याला नियम घालून दिला: चेंडू फेकणारा पिचर असा भरात असला की त्याविषयी अवाक्षर काढायचे नाही आणि जागचे हलायचे नाही, नाहीतर त्याला दृष्ट लागते. नियमाचे एवढे पक्के; पण परफेक्ट गेम टाकणारा, म्हणजे नऊच्या नऊ डावांत प्रतिस्पर्ध्यांचा एकही गडी बेसवर पोहोचू न देणारा पिचर त्यांना जन्मात पाहायला मिळाला नव्हता.

मी त्यांना नेले त्या दुपारी तो मिळाला. ओकासियो नावाचा, लांब मानेचा डावखुरा. सहाव्या डावानंतर सोबत्यांनी बाकावर त्याच्या दोन्ही बाजू मोकळ्या सोडल्या. कोणी त्याच्याकडे पाहीनासे झाले. माझ्याआधी डॅडच्या ध्यानात आले. त्यांनी शेंगा सोलणे थांबवले आणि पिशवी मांडीवर तशीच धरून ठेवली.

आठव्या डावात त्यांनी माझ्या कोपराला स्पर्श केला. "लेनी, मला जरा जाऊन यायला हवं." मैदानावरची नजर न काढता मी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. ठेवला म्हणणे खोटे होईल, दाबला. "आत्ता नाही हं, डॅड. तुमचाच नियम आहे." मागच्या रांगेतील एक जाडजूड बाई ओरडली, "ओ आजोबा, हललात तर याद राखा! सगळं गाव तुमच्या नावानं बोटं मोडेल!" आसपासचे हसले. डॅडही हसले. पुन्हा त्यांनी विचारले नाही.

शेवटचा चेंडू उंच उडाला आणि अलगद झेलला गेला. मैदान अक्षरशः उसळले. अनोळखी माणसे एकमेकांच्या गळ्यात पडली, मी रडत होतो. डॅड मात्र बसूनच होते. "उठा ना डॅड, बघा तरी!" म्हणत मी त्यांचा दंड ओढला आणि खाली पाहिले. त्यांची विजार भिजली होती. त्यांचा बीअरचा पेला अजून हातात होता, जवळजवळ भरलेला. त्यांनी तो शांतपणे, पूर्ण तिरपा करून स्वतःच्या मांडीवर ओतला. मग मोठ्याने म्हणाले, "घ्या! आनंदाच्या भरात सांडली की सगळी!"

मागच्या बाईने रुमालांचा गठ्ठा पुढे केला. "जाऊ द्या हो आजोबा, आज माफ आहे!" सर्वांबरोबर मीही हसलो. बर्नी, ओतण्याआधी मी पाहिले होते, आणि मी पाहिले आहे हे त्यांनी पाहिले होते. परतताना गाडीत काच उघडी ठेवून ते ओकासियोच्या मनगटाविषयी बोलत राहिले. माझ्याकडे वळले नाहीत.

एवढ्यावर थांबलो असतो तरी मला थोडे तोंड राहिले असते. पण घरी पोहोचताच मी जेनला सांगितले, दुसऱ्या दिवशी कचेरीत, संध्याकाळी तुला, की परफेक्ट गेम पाहून म्हाताऱ्याने आनंदाने बीअर अंगावर ओतून घेतली. सांगताना मी त्यांच्या आवाजाची नक्कलही करीत असे. गोष्ट एवढी फिरली की चर्चमधील लोक आता डॅडना "काय, आज कोरडे का?" विचारतात आणि ते हसतात. मॅचला मात्र ते तेव्हापासून आलेले नाहीत. गुडघे दुखतात म्हणतात.

आणि आता तू त्यांच्या पंच्याऐंशीव्या वाढदिवसाला बीअरच्या कलंडलेल्या पेल्याच्या आकाराचा केक करायला टाकणार, आणि सर्वांसमोर ती हकिगत मी सांगायची, असे ठरवले आहेस. तो केक सांगू नकोस. चॉकलेटचा साधा, गोल केक सांग. कोणी ती गोष्ट काढलीच तर मी विषय बदलीन, तूही बदल. आणि तुला हे कळले आहे, याचा त्यांना सुगावा लागू देऊ नकोस. न बोलण्याचा नियम त्यांनीच आपल्याला शिकवला आहे. मी तो भलत्या जागी पाळला. वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी तू त्यांना मॅचला ने. दाराजवळच्या, कडेच्या खुर्च्यांची तिकिटे मी काढली आहेत. दोनच. मी विचारले तर ते नाही म्हणतील. तुला म्हणणार नाहीत.

तुझाच,
लेनी